हिरवं बटण

मंगळवार, ३ मार्च
परवाची नोंद चुकली. "आबांनी कांद्याला पाणी दिलं" असं लिहिलं, ते फक्त माझ्या संगणकावर हिरवं दिसलं म्हणून. आई आज फोनवर म्हणाली, रविवारी पंप मामाकडेच होता. पाणी आज दिलं.
मग आबांनी हिरवं बटण का दाबलं?

बुधवार, ४ मार्च
साहेब खूश. शेतकऱ्यांना फोनवर "पाणी द्याल का?" विचारणाऱ्या आमच्या प्रोग्रामच्या चाचणीत एकदाही लाल, म्हणजे "नाही", न दाबलेले आबा एकटेच. नव्या आवृत्तीत हिरवं दाबलं की पंप आपोआप सुरू होऊन पाणी त्या शेतात वळणार.
"सुरुवात तुझ्या वडिलांपासून. सोमवारी पंप जोडायचा ना?"
हो म्हणाले. रविवारचं ओठांवर आलं होतं — गिळलं.

शुक्रवार, ६ मार्च
रजा काढून घरी आले. सकाळी आबांबरोबर शेतात. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. आबांना वाचता येत नाही, म्हणून प्रोग्रामचे प्रश्न मीच माझ्या आवाजात भरलेत. फोन बोलला, "माती कोरडी आहे. आज पाणी द्याल का?" आबांनी हिरवं दाबलं, फोन खिशात टाकला आणि मामाच्या बांधावर गेले.
"झालं का रे तुझं?"
"मिरची राहिलीय, दाजी. तुमचे कांदे काय पळून चाललेत?"
"बरं, रविवारी घेतो."
झाला निर्णय!
मातीचं प्रोग्रामने बरोबर सांगितलं होतं, मी बोट खुपसून पाहिलं. पण दोन शेतांत पंप एक, आणि आम्ही विचारतो प्रत्येकाला वेगळं.
"द्यायचं नव्हतं तर हिरवं कशाला?" मी विचारलं.
आबा म्हणाले, "तू विचारत होतीस. सकाळी सकाळी तुला नाही कसं म्हणू?"
मी हसले. मग साहेबांची नवी आवृत्ती आठवली. सोमवारनंतर ते असंच दाबतील, आणि मामाची मिरची अर्धी असताना पाणी आमच्याकडे वळेल. मामा काय समजेल? दाजींनी पाळी मारली, तीही भाचीच्या हातून.

शनिवार, ७ मार्च
दिवसभर प्रश्न बदलून पाहतेय. आधी "पंप कोणाकडे?" विचारावं? की दोन्ही घरांना एकदमच?
मामा म्हणाला, "आम्हाला काय विचारायचं? आम्ही रोज भांडतो आणि ठरवतो."
म्हणजे भांडायला जागा हवी. ती स्क्रीनवर कुठे ठेवायची? छान कोडं आहे. जेवताना ताटाशेजारी चौकोन काढत बसले, आई ओरडली.
आबांना सांगितलं, पटलं नाही तर लाल दाबत जा.
"हो, हो," म्हणाले.
बुधवारचं माझं हो याच जातीचं.

रविवार, ८ मार्च
आबांनी आज पहिल्यांदा लाल दाबलं. मामाची मिरची अजून व्हायचीय. लगेच परसात मला शोधत आले — "रागावली नाहीस ना?"
उद्या, सोमवार, ९ मार्च. पंप जोडणारा माणूस ऑफिसातून निघायच्या आधी साहेबांना नाही म्हणणार.