यांनी इंजिन उघडलं

३ मार्च, सोमवार

काय गं वही, काल कुठवर आलो होतो आपण? नाही ना आठवत! अंगभर रेघा आहेत, तरी डोकं आमच्या यांच्यासारखंच — कोरं!

सून हसतेय. हसू नकोस, लिही. मला अक्षर येत नाही म्हणून मी बोलायचं नि तिनं उतरवायचं, असा आमचा करार. तिच्या नवऱ्याबद्दल काही आलं तरी गाळायचं नाही. तो आधी माझा मुलगा आहे.

तर आज यांनी गाडीचं इंजिन उघडलं.

रोज सकाळी चालू केली की गाडी खडखडायची — पत्र्याच्या पेटीत खिळे घालून हलवावेत तशी. जरा वेळानं गप्प. हे म्हणाले, "आतली टायमिंग चेन सैल पडलीय. तिला ताणून धरणारा टेन्शनर गेला. बदलावा लागेल."

मुलगा म्हणाला, "गॅरेजात देतो."

"मी जन्मभर गॅरेजात काय झोपा काढल्या?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी माझ्या पायांकडे.

त्याचं कारण असं. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. हे म्हणाले, "काढायचं काय त्यात? बंद असेल तर द्या, दुरुस्त करून देतो." आम्ही सगळे हसलो. बाई हसल्या नाहीत. बाहेर येऊन म्हणाल्या, "आजी, हे विसरणं आता वाढतच जाणार."

वाढतच जाणार म्हणे! जो माणूस इंजिन खोलतो आणि परत जोडतो, त्याचं डोकं गेलं असं कसं म्हणायचं? हे काम यांच्या हातून नीट पुरं झालं तर डॉक्टरीण चुकली. मी ठरवून टाकलंय. तुझं काही म्हणणं आहे? नाही ना? मग मिट.

४ मार्च

ऑइल काढलं. पट्टा काढला, पुली काढली. बोल्ट कसे ठेवले माहीत आहे? पुठ्ठ्याला भोकं पाडून, जो बोल्ट जिथला, तो तिथे खोचला. कुठे गल्लत नाही! हात बघावेत तर ते जुनेच. जेवतानाही दोन घास जास्त गेले.

५ मार्च

सकाळी अंगणात आरडाओरडा.

"कोणी उघडली ही गाडी? कोण गाढव?"

मुलगा कामाला निघाला होता, तोच तावडीत सापडला. तो बिचारा म्हणाला, "बाबा, तुम्हीच."

"मी? मी असं अर्धवट टाकून जाईन?"

मी मध्ये पडले. म्हटलं, "अहो, मी उघडली. तुम्ही उठेनात, म्हटलं आपणच बघू काय झालंय ते."

माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "पुली बरी काढलीस." — आणि पाना उचलला.

हसू की रडू? सून लिहिता लिहिता थांबलीय. अगं लिही. तू रडलीस तर अक्षर वाकडं येईल, आणि मला कळणारही नाही!

७ मार्च

आज सांगायला जीभ उचलत नाही.

मी मटार सोलत शेजारीच बसले होते. यांनी चेनच्या दोन्ही दातेरी चाकांवरच्या खुणा खडूनं रंगवल्या, समोरासमोर आणल्या. "एक दात चुकला तर आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग इंजिन मेलं समज." हे मला इतक्यांदा सांगून झालंय की आता मीही झोपेत सांगेन.

यांची एक सवय आहे. कुठलाही भाग रॉकेलात धुतल्याशिवाय आत जायचा नाही. त्यामुळे काढलेला जुना टेन्शनरसुद्धा धुतला, पुसला, लखलखीत केला. विकत आणलेल्या नव्याच्या शेजारी फडक्यावर ठेवला. पाणी प्यायला आत गेले. बाहेर आले — आणि जुनाच उचलून बसवला. बोल्ट आवळले. शीळ घालत!

नवा तिथेच पडलेला. त्याच्यात एक बारीक पिन असते, टेन्शनर बसवला की ओढून काढायची. ती पिनही तशीच.

गप्प बसावं, तर पुन्हा तीच खडखड. मुलाला सांगावं, तर तो गाडी विकून मोकळा होणार. शेवटी नेहमीचंच सोंग आणलं. म्हटलं, "अहो, हा नवा कशाला आणलात? माझ्या कानात घालायला?"

यांनी फडक्याकडे बघितलं. मग इंजिनाकडे. परत फडक्याकडे. पाना खाली ठेवला, आवाज न करता. पायरीवर येऊन बसले.

"मला काय होतंय गं?"

मी एवढी तोंडाळ बाई. सगळ्या घरादाराला पुरून उरले. आणि तोंडातून निघालं काय?

"भूक लागलीय तुम्हाला," म्हटलं.

८ मार्च

भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. गाडी उघडीच. तिच्यावर चादर टाकली. लिहिण्यासारखं काही नाही.

९ मार्च

मुलगा म्हणाला, "आई, पुरे झालं. मी भंगारवाल्याशी बोललोय. परवा येतो म्हणालाय."

मी म्हटलं, "तुझ्या बापाला विचारलंस?"

"त्यांना गाडीचं काही पडलेलं नाही. तुला पडलंय. ते आजारी आहेत, आणि तू त्यांची परीक्षा घेत बसलीयस."

मी म्हटलं, "जा, हात धू, जेवायला बस." दुसरं काय म्हणणार? चुकीचं बोलला असता तर कानाखाली दिली असती.

हे पान मला परत वाचून दाखवू नकोस गं.

१० मार्च

अगं वही, ऐक!

सकाळी उठून बघते तर गाडीवरची चादर घडी करून ठेवलेली आणि हे इंजिनात वाकलेले. कोणी सांगितलं नाही, उठवलं नाही. जुना टेन्शनर काढून लांब कोपऱ्यात भिरकावलेला. नवा बसवला. पिन ओढली — आत टक्कन वाजलं. मग पाना लावून इंजिन हातानं हळूहळू दोन फेरे फिरवलं, परत खुणा तपासल्या. बरोबर समोरासमोर! कव्हराच्या कडेला गोंद लावला, बोल्ट पुठ्ठ्यावरून एकेक उचलून जागच्या जागी. एकही उरला नाही. मी स्वतः पुठ्ठा पालथा करून बघितला.

उद्या ऑइल भरायचं आणि चालू करायची. सूनबाई, आज अक्षर जरा मोठं काढ.

११ मार्च

चालू झाली. पहिल्या फटक्यात. खडखड नाही, काही नाही — शिवणयंत्रासारखी. मुलगा कामावर जायचा थांबला होता, त्यानं तिथेच उभ्या उभ्या भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. डोळे पुसत होता, म्हणे धूर गेला.

हे फडक्याला हात पुसत माझ्यापाशी आले. किल्ली पुढे केली.

"घ्या बाई, तुमची गाडी. आता आवाज यायचा नाही."

मी म्हटलं, "पुरे झाली थट्टा!" पण त्यांच्या तोंडावर थट्टा नव्हती. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले,

"एक काम कराल? जाता जाता माझ्या घरी निरोप द्या. बायको असेल. तिला म्हणावं, मला आज उशीर होईल, डबा पाठव. दोन अंडी उकडून, पाव, आणि मीठ वेगळं पुडीत बांधून."