प्रसूती ज्या हद्दीत, गुण तिथे

सोमवार, ६ जानेवारी

तक्ता झाला एकदाचा! आरोग्यसेविकांना यापुढे कामाप्रमाणे वाढीव भत्ता — कुठल्या कामाला किती गुण, ते मी ठरवलं. सगळ्यात जास्त प्रसूतीला. प्रसूती जिच्या हद्दीत, गुण तिचे. साहेब म्हणाले, "सुटसुटीत आहे, छान." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा छान म्हणाले!

गुरुवार, ९ जानेवारी

मृणालीला आणायला बावीस तारीख ठरली. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं. तिचे बाबा गेल्यापासून घर खायला उठतं. खरं सांगायचं तर बाळाच्या आधी मला माझी पोरगीच हवी आहे, तीन-चार महिने.

रविवार, १२ जानेवारी

उरणला तिच्या सासरी जाऊन आले. तिथली सेविका विनिता भेटली. रविवार असून आली होती. मृणालीच्या पायांची सूज बोटाने दाबून बघितली, रक्तदाब घेतला, रागावली पण — "गोळ्या काय उशीखाली ठेवायला दिल्या?" विहीणबाई म्हणाल्या, "ही आली न्हाय तं आमाला चैन परत न्हाय."

मी सहज विचारलं, वर्षात प्रसूती किती होतात? हसली. "माझ्याकडे दोन. इथे सगळी बंदरात कामाला आलेली बिऱ्हाडं. सातवा सरला की बायका माहेरी. तोवर सांभाळते मी."

दोन! तक्ता माझा, हे सांगायची हिंमत झाली नाही.

सोमवार, १३ जानेवारी

साहेबांना म्हटलं, गरोदरपणातल्या भेटींनाही गुण द्यायला हवेत. "आता वर गेलाय तक्ता. आणि तुम्हीच केलात ना?" मीच केला. संध्याकाळी फोनवर मृणालीला सगळं सांगितलं. सात महिने राबते विनिता आणि गुण नेणार इथली सेविका, माझ्या अकलेमुळे. मृणालीने गोळ्या घ्यायच्यात म्हणून फोन ठेवला.

शुक्रवार, १७ जानेवारी

जुन्या सुती साड्या धुऊन उन्हात टाकल्या, दुपट्यांसाठी. अजून मऊ आहेत.

मंगळवार, २१ जानेवारी

मृणालीचा फोन. उद्या येणार नाही. बाळंतपण तिथेच करणार — "विनिताताईंच्या नावावर पडू दे, आई. तूच म्हणालीस ना."

चिडले. रडले. मग रजेचा अर्ज लिहिला. कारण — मुलीचं पहिलं बाळंतपण, तिच्या सासरी.