सागाच्या पुलाला सागाचा रंग

चिखलदरा, १४ मे

डोकं तापलंय नुसतं. दरीतल्या इंग्रजांच्या काळच्या, वर छप्पर असलेल्या लाकडी पुलाला सरकारनं पर्यटनासाठी म्हणे रंग दिला. लाकडाला लाकडाचा रंग!

"काका, आता कसं अस्सल सागवान वाटते," ठेकेदार बाबांना म्हणाला.

"अस्सलच होतं ना बाप्पा," बाबा म्हणाले.

दर उन्हाळ्यात बाबा अन् गावकरी पुलाला मोहाचं तेल पाजतात, म्हणून तर तो सडला नाही. पण आम्हाला काहून विचारतील? आजही बाबांनी तेल नेलं, फळीवर चोळलं. मुरेचना. रंगावरून ओघळून गेलं. लाकडाला लाकडाचा रंग! मी ठेकेदाराशी भांडत होतो, बाबा उकिडवे बसून सांडलेलं तेल पुसत होते. तेवढ्यात अमरावतीहून आलेला एक पर्यटक ओरडला, "काका, सरका ना, फोटोत येऊन राहिले तुमी."