विसावं बटण

सोमवार, ३

पोचले एकदाची. बसने हाडं इतकी खिळखिळी केली की उतरल्यावर दोन मिनिटं नुसती उभी होते. पण घर बघून शीण गेला. दोन मजली, आठ खोल्या, लढाईनंतर रिकामंच पडलेलं, म्हणून सलोखा समितीला फुकट मिळालं. खाली कचेरी, वर माझी खोली. लढाईत बायकांवर काय अत्याचार झाले त्याचे जबाब मी लिहून घ्यायचे. दहा बायका, तीन दिवस. शुक्रवारी दुपारी समितीचे साहेब कागद नेणार, संध्याकाळी तहावर सह्या. एकीने जरी तोंड उघडलं तरी खटले उभे राहतील. नाहीतर सरसकट माफी.

किल्ल्या मामांकडे असतात. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, तासाभरात मीही म्हणायला लागले. आल्याचा चहा झकास करतात. माझ्या खोलीच्या दाराला कडी फक्त बाहेरून आहे. विचारलं तर म्हणाले, सुताराने उलटी बसवली. सगळ्याच दारांना? मग तो माझ्या वेंधळ्या धाकट्या भावाचा गुरू असणार, म्हटलं.

संडास शोधताना फजिती झाली. तो पार मागे, सरपणाच्या ढिगाला वळसा घालून. शेवटी मामांना विचारावं लागलं. इथे गारठा आहे. आईने निघताना कोटाची सगळी बटणं नव्याने शिवून दिली, दुहेरी दोऱ्याने, जशी काही मी उत्तर ध्रुवावर चाललेय.

मंगळवार, ४

चौघी आल्या. चौघींचं एकच वाक्य: काही झालं नाही. चहाला कुणी हात लावला नाही, वर साय धरली. मी परकी म्हणून बुजत असतील. मग मला शहाणपण सुचलं. मामांना म्हटलं, तुम्ही इथेच बसत जा, ओळखीचा माणूस दिसला की बिचाऱ्या मोकळ्या होतील. त्यांनी लगेच दाराशी खुर्ची टाकली.

बुधवार, ५

आज पाच. काही झालं नाही, काही झालं नाही, पोपटासारखं. एकीवर मी करवादले. म्हटलं, बाई, तुझ्याच भल्यासाठी घसा कोरडा करतेय. तिने बसल्या जागी खुर्ची ओली केली. चाळिशीची बाई. मामांनी फडकं आणून पुसलं. मला त्यांचं कौतुक वाटलं.

आत्ता लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. दोन दिवसांत तिघी-चौघी संडासला गेल्या. कुठे आहे म्हणून एकीनेही विचारलं नाही.

गुरुवार, ६

शेवटची उरली होती शिंपीण. मामांना मी दुधाला पिटाळलं. ती बसलीच नाही, उभ्याउभ्या बोलली, अकरा मिनिटं. एक्केचाळीस दिवस. याच घरात. वरच्या खोलीत, म्हणजे माझ्या. सैनिक बदलत, कडी लावणारा आणि काढणारा एकच. तिने दाराजवळच्या खुर्चीकडे बोट केलं.

माझ्या कपाटामागे जमिनीलगत भोक आहे म्हणाली. खोलीत आणलेली प्रत्येक जण आपलं एक बटण त्यात टाकायची. कधीतरी कुणीतरी मोजेल म्हणून. सही केली आणि मागच्या दाराने गेली.

मामा आले. काय म्हणाली, विचारलं. माझ्या तोंडून निघालं, काही झालं नाही. त्यांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली आणि चहा टाकायला गेले.

ती खुर्ची दाराशी मी ठेवायला लावली. मी. नऊ बायकांसमोर. माझीच मला शिसारी येतेय.

शुक्रवार, ७

सकाळ. फोन बंद. जिन्यातल्या खिडकीतून शिंपिणीचं दुकान दिसतं. दार सताड उघडं, मशीन आडवं पडलेलं. ती नाही. जबाब कोटाच्या आत ठेवलाय. साहेब येईपर्यंत खोलीतच—

दहा. कडी लागली. बाहेरून.

बारा. गाडी आली. खिडकीला गज आहेत, पण अंगण दिसतं. ओरडले. जबाब गजांतून बाहेर धरून हलवला. साहेबांनी वर पाहिलं. नक्की पाहिलं, नजरेला नजर भिडली. मामा काहीतरी म्हणाले. साहेबांनी घड्याळ बघितलं. नऊ कागद घेतले आणि गाडीत बसले.

त्यांना शांतता हवी आहे. अशी. आजच्या आज.

कपाट सरकवलं. भोक आहे. बटणं— हाडाची, लाकडाची, एक बदकाच्या आकाराचं, लहान मुलीच्या फ्रॉकचं. एकोणीस. जबाबाला तर दहाच बोलावल्या होत्या. बाकीच्या—

जबाब गुंडाळून आत सारला. वही बारीक आहे, तीही जाईल. यानंतर या खोलीत जी कुणी येशील, तू नीट मोज. विसावं माझं.

जिन्यावर पावलं. कपबशीचा आवाज. आल्याचा वास—

वरचं बटण तुटत नाहीये. आईचा दोरा. दातांनी बघते, थोडंसंच राहि—