दार उघडलंत ना, मॅडम?

तीर्थस्वरूप मावशीस,

वाकून नमस्कार. (वाकल्यावर कंबर तिथेच धरली, म्हणून पत्र आडवे पडून लिहिते आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांची धाप कमी आहे ना? आमच्याकडे सगळे सुखरूप; फक्त घर आमचे राहिलेले नाही.

घाबरू नकोस, विकलेले नाही. ह्यांनी (किल्ल्या हरवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही) दाराला बोट लावून उघडणारे कुलूप बसवून घेतले. बोट लावायचे, आत यायचे, करार एवढाच. परवा मी आंघोळ करून डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर येते तो काय, बैठकीत चार अनोळखी माणसे! एक बाई सोफ्यावर, एक तरुण भिंतीशी, एक आजोबा कुलूप चाचपताहेत, आणि कंपनीचा विक्रेता सगळ्यांना घर दाखवतोय. त्याच्याही बोटाने आमचे दार उघडते, हे मला तेव्हा कळले! तोच मला म्हणाला, "या ना मॅडम, बसा." मला! माझ्याच घरात! (आणि मावशी, मी बसले गं.)

कंपनीने म्हणे अटी बदलल्या. आता आमचे घर नव्या गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवता येते. मी तावातावाने फोन केला, मी कधी हो म्हटले म्हणून विचारले. पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "बदलानंतर तुम्ही दार उघडलंत ना, मॅडम? तीच संमती."

"मग काय खिडकीतून घरात शिरू?"

"खिडक्यांचं आमच्याकडे नसतं, मॅडम."

मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी तरातरा ग्राहक तक्रार कार्यालय गाठले. तिथल्या बाई (चेहरा करडा, पण मायाळू) करार वाचता वाचता चहा प्यायच्या विसरल्या. म्हणाल्या, न विचारता बदललेली अट अशी गळ्यात मारता येत नाही. तक्रार द्या, बघू त्यांच्याकडे. तक्रार लिहून तयार आहे. सोडत नाही मी आता कुणाला!

काकांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. तक्रार अजून दिलेली नाही. त्या चौघांत एक गुरांचा डॉक्टर होता. आजोबांना त्याने खुर्ची दिली आणि मला तशा अवतारात पाहून तो एकटाच लाजून बाहेर जाऊन उभा राहिला. लग्न व्हायचे आहे. (विचारले मी.) रविवारी पुन्हा कुलूप बघायला येतोय. तुझ्या लेकीला, ठमीला, शनिवारीच इकडे पाठव.

ता. ता. क. तिला विचारत बसू नकोस. विचारले की ती नाही म्हणते.