बसथांब्यावरची मान

ती. रचना आक्का,

सप्रेम जयभीम. तू बरी असशील, दाजींचा गुडघा उतरला असंल (म्हणजे सूज), आणि आई तुझ्याकडं आली असली तर तिला सांग, माझा फोन बिघडला नव्हता, मीच उचलत नव्हतो. हे पत्र मी लई दिवस पुढं ढकलतोय. तुझ्या दिराच्या साखरपुड्याला का आलो न्हाय हे फोनवर सांगायला गेलो की तू आधी "कामाचं काय झालं?" विचारतीस आणि बोलणं तिथंच अडतं. (काम सुटलं. बोरगावला दुकानात होतो, मग चिकोडीला एका मांडववाल्याकडं गेलतो, तिथं मांडव पडला, पण माझ्यामुळं न्हाय. ते पुन्हा कधीतरी.)

तर चिंतामणी. खडेबाजारात चपलांच्या दुकानावर खोली घेऊन तो कार्टूनचा सिनेमा करतो, तो माझा दोस्त. कार्टून म्हणजे उंदीर-मांजराचं न्हाय, अगदी आपल्यासारखी माणसं. एक लाजाळू पोरगा आणि एक लाजाळू पोरगी रोज एकाच बसथांब्यावर उभी ऱ्हातात आणि बोलत न्हाईत, एवढीच गोष्ट. त्याची पद्धत अशी की तो मनानं रेघसुद्धा मारत न्हाय. खऱ्या माणसांना चालायला लावतो, व्हिडिओ काढतो आणि मग एकेक चित्र थांबवून त्यावरनं गिरवतो. बारावीची परीक्षा झाल्यावर त्यानं पोरगा म्हणून मला धरलं, कारण मी रिकामा होतो, आणि पोरगी म्हणून पारमिताला, कारण ती त्याच्या बहिणीची मैत्रीण. व्हय, तीच पारमिता. आता तुझी जाऊ व्हणारी.

सीन असा, की पोरानं पोरीकडं एकदा बघायचं. सायकल धरणं, केस सारखे करणं, सगळं मला जमलं. बघायची वेळ आली की माझी मान बसच्या पाटीकडं जायची. पाटी कन्नडमधली. शाळेत कन्नडला कसाबसा पास झालेला मी, त्या दिवशी पाटीवरचं अक्षर अन् अक्षर वाचलं. चिंतामणी वैतागला, "अरं भीम्या, चिकोडीला जायचं हाय का तुला? पोरगी इकडं हाय." शेवटी कंटाळून त्यानं ती मान तशीच ठेवली. त्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तोही त्यानं काढलाय.

आक्का, मला ती आवडायची. अजून आवडते. पण आपण काय तिला आवडत न्हाय असं मी धरून चाललेलो, कारण ती कधी माझ्याकडं बघायचीच न्हाय. म्हणजे मी बघायचो तेव्हा. आणि मी तर कधी बघितलंच न्हाय, हे आत्ता लिहिताना ध्यानात येतंय.

गिरवण्यात त्याची तीन वर्षं गेली. तेवढ्यात तू आयुषसाठी स्थळ शोधलंस. (आयुष लई गुणाचा आहे. त्याला नाव ठेवायला जागा मिळंना, मी शोधली.) सिनेमा इथं एका शाळेच्या हॉलमधे पहिल्यांदा दाखवला तो नेमका तुमच्याकडच्या साखरपुड्याच्या दिवशी. म्हटलं, निपाणीला येऊन पेढे वाटण्यापेक्षा अंधारात बसलेलं बरं.

पडद्यावर मी पाटी वाचत होतो आणि ती माझ्याकडं बघत होती. मी सायकलीकडं वळलो की खाली बघायची, पाटीकडं गेलो की पुन्हा माझ्याकडं. माझ्या मागं बसलेल्या एक मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "अरं मुडद्या, बघ की तिकडं!" सगळा हॉल हसला. माझी मान आपोआप वळली, आक्का. शेजारी एक म्हातारे गृहस्थ शेंगा खात होते. त्यांना वाटलं मला पाहिजेत, त्यांनी ओंजळभर दिल्या. मी खाल्ल्या.

बाहेर आल्यावर मी चिंतामणीला धरला. "ते डोळे तू मनानं घातलेस, खरं सांग." त्याला रागच आला. म्हणाला, "मला मनानं काढता येत असतं तर तुम्हा दोघांना उन्हात कशाला उभं केलं असतं?" आणि त्यानं तो जुना व्हिडिओ लावला. खरंच बघत होती. तेव्हा निपाणीत तुम्ही सगळे अंगठ्या घालून झाल्यावर फोटोला उभे असाल.

म्हणून आलो न्हाय. बाकी सगळं ठीक. बारक्याला माझा पापा दे.

तुझा
भीमरत्न

ता. क. एक काम आहे. आयुष लग्नाच्या हॉलमधे हा सिनेमा मोठ्या पडद्यावर लावणार म्हणतोय, नवरी त्यात आहे म्हणून. बिचाऱ्यानं कौतुकानं मला फोन केलता. त्याला थांबव. कारण सांगू नको, पडदा मिळत न्हाय म्हण. पाव्हण्यांत मावश्या असतातच.

पुन्हा ता. क. थांबवू नको. तिनं अजून बघितलेला न्हाय. पाटी वाचताना माझं बोट दोनदा सायकलच्या घंटीवर जातं आणि न वाजवताच मागं येतं, तेही चिंतामणीनं गिरवलंय. तेवढं तिला एकदा दिसू दे. मी मागं वाढप्यांत असतो, मला पुढं बोलवू नको.

आणखी एक. हे मी चिंतामणीच्या खोलीत बसून लिहितोय. आत्ता जिना वाजला. दारात पारमिता आहे. एकटीच आलीय, हातात लग्नाची पत्रिका. चिंतामणीला म्हणाली, "सिनेमा लग्नात लागायच्या आधी मला बघायचाय." तो चहा सांगून येतो म्हणून खाली गेला. (त्याला चहा चालत न्हाय.) मी खाली मान घालून लिहितोय. लिहितोय तोवर बरं आहे. ती विचारतीय, "एवढं काय लिहितोस रं?" कागद संपत आला, आक्का. आता मान वर करावी लागंल.