शिंप्याकडचं पोट्टं

वणी, मंगळवार संध्याकाळ

नाही म्हणजे नाही! कितीदा सांगू? लहाना भाऊ दिनू आज पुन्हा फोनवर म्हणते, "दादा, दहावी सोडून तुह्याच टायरच्या दुकानात येतो. तूनंच सांगतलं ना, अमेरिकेत जुन्या काळी शिंप्याकडचं पोट्टं शाळेत न जाता राज्याचा गव्हर्नर झालं!"

कायले सांगतलं मी? मोबाइलवर अर्धंच आयकलं होतं. आज पुरं आयकलं. ते पोट्टं शिवत बसे तवा कोणीतरी त्याले पुस्तक वाचून दाखवे. मले इथं कोण दाखवते? दिवसभर कोळशाचे ट्रक अन् ड्रायवरच्या शिव्या.

तो आला तर दोघंही इथंच सडू. शेवटी म्हटलं, "शाळेतून आला का रोज एक धडा मले फोनवर वाचून दाखव. मी टायर खोलत आयकतो."

"अन् रिचार्ज?"

पाठवून राह्यलो. तीनशे रुपये.